दीड-दोन वर्षांच्या मुलासह क्रूझ: जहाज कसे निवडावे

क्रूझच्या जाहिरातीत घसरगुंड्या असतात, नाट्यगृहाची रोषणाई असते आणि वरच्या डेकवरचा निळाशार तलाव असतो. ज्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल आहे, त्यांनी मात्र चौकशीला वेगळ्याच टोकापासून सुरुवात करावी: आपले मूल शी-शू सांगते का, दुपारी किती वाजता झोपते आणि काय खाते. हे प्रश्न घरगुती वाटतात खरे, परंतु जहाजावरचा तलाव, पाळणाघर, खोली आणि जेवणाची वेळ या चारही गोष्टी त्यांच्या उत्तरांवरच ठरतात, आणि एकदा पूर्ण पैसे भरले की यांतले फारसे काही बदलता येत नाही.

आमची कन्या एक वर्ष दहा महिन्यांची असताना हे आम्हाला तलावाच्या काठावर कळले. पाण्यात घालायचे खास डायपर, दंडांना फुगवलेल्या बाह्या, हनुवटीखाली बांधलेली टोपी असा सगळा जामानिमा करून आम्ही वर पोहोचलो, तेव्हा तिथल्या जीवरक्षकाने अत्यंत नम्रपणे भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवले. डायपरमधल्या मुलांना तलावात प्रवेश नाही आणि पोहण्याचा डायपर हाही डायपरच, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. उरलेले दिवस तिने खोलीतल्या शॉवरखाली प्लास्टिकच्या मगाने पाणी उडवण्यात काढले. ती खूश होती. आम्ही नव्हतो, कारण ते जहाज आम्ही तलाव पाहूनच निवडले होते.

हा नियम एखाद्या कंपनीचा लहरीपणा नाही. तलावात शी मिसळली तर पाण्यातून पोटाचे आजार पसरू शकतात, आणि पाण्यातला डायपर शी पूर्णपणे अडवत नाही. त्यामुळे अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याच्या नियमांनुसार, आणि इतरत्रही बहुतेक ठिकाणी, शी-शू न सांगणाऱ्या मुलांना सामान्य तलाव व गरम पाण्याची कुंडे बंद असतात. काही जहाजांवर अशा मुलांसाठी कारंज्यांची छोटी स्वतंत्र जागा केलेली असते. रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर ‘बेबी स्प्लॅश झोन’ आहे, तर ‘डिस्नी ड्रीम’ आणि ‘डिस्नी फँटसी’ या जहाजांवर ‘नीमोज रीफ’ आहे. एजंटाला विचारताना “लहान मुलांचा तलाव आहे का?” असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमीच “आहे” असे येते. “डायपर घातलेल्या मुलाला पाण्यात सोडता येईल अशी जागा याच जहाजावर आहे का?” असा प्रश्न करावा आणि उत्तर ईमेलने मागावे. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत याबाबत फरक असतो, म्हणून जहाजाचे नाव प्रश्नातच घालावे.

वयाचे गणित

बहुतेक मोठ्या कंपन्या किमान सहा महिन्यांच्या बाळाला जहाजावर घेतात. जहाज सलग तीन किंवा अधिक दिवस बंदराला न लागता समुद्रातच असणार असेल, किंवा महासागर ओलांडणार असेल, तर ही मर्यादा साधारणपणे बारा महिन्यांवर जाते. वय मोजले जाते ते जहाज सुटण्याच्या दिवशीचे, तिकीट काढण्याच्या दिवशीचे नव्हे. व्हर्जिन व्हॉयेजेस किंवा व्हायकिंग यांसारख्या काही कंपन्या तर १८ वर्षांखालील कोणालाच घेत नाहीत, त्यामुळे सुंदर छायाचित्रे पाहून मन गुंतवण्याआधी ही ओळ वाचून घ्यावी. घरात दुसऱ्या बाळाची चाहूल असेल, तर आणखी एक अट लक्षात ठेवावी: प्रवासाच्या शेवटपर्यंत गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या आईला चढू देत नाहीत.

खरा पेच दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान पडतो. जहाजावरचा मोफत ‘किड्स क्लब’ बहुतेक ठिकाणी तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि शी-शू स्वतः सांभाळणाऱ्या मुलांसाठीच असतो. रॉयल कॅरिबियन आणि डिस्नी या दोघांचीही अट अशीच आहे, आणि तिथे ओढून घालायचे डायपरही चालत नाहीत. त्याहून लहान मुलांसाठी या दोन्ही कंपन्यांच्या अनेक जहाजांवर ताशी शुल्काचे पाळणाघर असते. तिथल्या जागा मोजक्या असतात आणि लवकर भरतात, म्हणून आगाऊ नोंदणी कधी सुरू होते ते विचारून ठेवावे. कार्निव्हल या कंपनीचा नियम या वयाला सर्वांत सोयीचा आहे, कारण त्यांच्या क्लबात दोन वर्षे पूर्ण झालेले मूल घेतात आणि तिथले कर्मचारी डायपरही बदलतात. एमएससीच्या जहाजांवर तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळण्यांची खोली असते, मात्र तिथे बहुतेक वेळ पालकांनाही थांबावे लागते. ती सोय म्हणजे खेळणी मिळण्याची आहे, आईवडिलांना मोकळा वेळ मिळण्याची नव्हे.

दुसऱ्या बाजूला विमानाचा हिशेब उभा असतो. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसून तिकिटाच्या थोड्याशा रकमेत जाते. दुसरा वाढदिवस झाला की स्वतंत्र आसन घ्यावे लागते. म्हणजे सिंगापूरला जाऊन जहाजात बसायचे असेल, तर तेवीस महिन्यांच्या मुलाचे विमान स्वस्त पडते, पण जहाजावर त्याला क्लब नाही. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे विमान महाग पडते, पण क्लब मिळतो. माझे मत विचाराल तर, मूल अडीच वर्षांच्या पुढे असेल आणि सहलीची घाई नसेल, तर चार-सहा महिने थांबावे. त्या चार-सहा महिन्यांत मूल शी-शू सांगायला शिकते आणि तलाव व क्लब ही दोन्ही दारे एकदम उघडतात. मूल दोनच्या आत असेल, तर क्लबची आशा सोडून लहान, जवळची आणि स्वस्त सफर निवडावी.

पाळणाघरात मूल ठेवणारच असाल, तर एक छोटी गोष्ट करावी. मराठी घरातले दीड वर्षाचे मूल “मम्मं”, “भुर्र”, “शू”, “जोजो” एवढ्यावर आपला कारभार चालवते, आणि फिलिपिन्सहून किंवा इंडोनेशियातून आलेल्या ताईला त्यातले काहीच कळत नाही. हे आठ-दहा शब्द रोमन लिपीत लिहून, पुढे त्यांचा इंग्रजी अर्थ देऊन, एका कार्डावर तिच्या हाती द्यावेत. आमच्या मुलीने पहिल्या दिवशी पाणी मागून मागून शेवटी रडून गोंधळ घातला होता. दुसऱ्या दिवशी कार्ड दिल्यावर ती ताई आम्हालाच “पाणी, पाणी” म्हणत हसत सामोरी आली.

कुठून निघावे

महाराष्ट्रातल्या कुटुंबासाठी पहिला विचार मुंबईचाच करावा. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करत आले आहे. विमान नाही, व्हिसा नाही, आणि मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची सफर मुलाला मानवली नाही तरी तिसऱ्या दिवशी आपण घरी असतो. हे जहाज १९९० मध्ये बांधलेले आणि सुमारे ४८ हजार टनांचे आहे. सिंगापूरहून सुटणारी ‘गेंटिंग ड्रीम’ सुमारे दीड लाख टनांची आहे. लहान जहाज म्हणजे कमी गर्दी आणि कमी चालणे. मोठे जहाज म्हणजे कमी हेलकावे आणि मुलांसाठी अधिक जागा. दोन रात्रींसाठी लहान जहाज पुरे होते.

मुंबईहून जाताना वार पाहून तारीख निवडावी. शुक्रवार-शनिवारी सुटणाऱ्या देशी सफरींवर कार्यालयांचे गट, मित्रमंडळींचे घोळके आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे गाणेबजावणे असण्याची शक्यता अधिक. आठवड्याच्या मधल्या फेरीत तुलनेने शांतता मिळते आणि दरही बहुधा कमी असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा या वयाच्या मुलासाठी मी सरळ वर्ज्य मानेन. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागते, आणि तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर आहे. हाती असलेल्या चार-सहा तासांत मुलाला गाडीत घालून कळंगुट-बागा गाठण्याचा उद्योग करू नये. जवळचा बोगमाळोचा किनारा तासाभरासाठी पुरेसा आहे, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे जहाजावरच थांबावे, कारण बाकी सगळे गोवा पाहायला उतरले की डेक, उपाहारगृह आणि लिफ्ट रिकाम्या मिळतात.

लक्षद्वीपची गोष्ट वेगळी आहे. तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, प्रवाशांना छोट्या होडीत उतरवून बेटावर नेतात. हलत्या होडीत पाय टाकताना एक हात मोकळा हवा, म्हणजे मूल कडेवर नव्हे तर छातीशी बांधलेल्या झोळीत हवे, आणि ढकलगाडी जहाजावरच ठेवावी लागते. सिंगापूरच्या काही सफरींवर फुकेतलाही असेच होडीतून उतरावे लागते. पिनांगला मात्र जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि ढकलगाडीसह चालत शहरात जाता येते. त्यामुळे मार्ग पाहताना बंदरांच्या नावांपुढे “धक्क्याला लागणार की होडीने उतरणार?” हे लिहून घ्यावे. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने आडोसा दिल्यामुळे बहुतेक काळ शांत असते, हा सिंगापूर-मलेशिया मार्गाचा मोठा गुण आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मायामी, पोर्ट कॅनव्हेरल किंवा गॅल्व्हस्टन ही बंदरे सोयीची पडतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या प्रचंड जहाजावर तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा एक संपूर्ण विभागच केलेला आहे. तिथे अडचण निघते ती कागदपत्रांची. अमेरिकेत जन्मलेले मूल, एका अमेरिकी बंदरातून सुटून त्याच बंदरात परतणाऱ्या सफरीवर, जन्मदाखल्यावर जाऊ शकते. परंतु भारतीय पासपोर्ट असलेल्या, ग्रीन कार्ड नसलेल्या आईवडिलांना परत प्रवेश करताना वैध व्हिसा लागतो. कामाचा परवाना नूतनीकरण झाला पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, अशी स्थिती असेल, तर बहामाला जाण्याआधी वकिलाला विचारावे.

ऋतू आणि बोट लागणे

आपल्याकडे गाडी लागते तशी बोटही लागते, आणि कोकणबोटींच्या काळातल्या आजी-आजोबांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. दिलासा असा की दोन वर्षांखालील मुलांना बोट क्वचितच लागते. दोन ते बारा या वयात तो त्रास अधिक दिसतो. दोनच्या आतले मूल खुशाल खेळत असते आणि आईवडील आडवे पडलेले असतात, हा प्रसंग जास्त संभवतो, आणि तो अधिक अवघड, कारण मग मुलामागे धावणारे कोणी उरत नाही. मळमळीवर दिले जाणारे प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, म्हणून मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मुलाला देण्याचा विचारही मनात आणू नये. निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांना भेटून दोघांसाठी काय न्यावे ते लिहून घ्यावे. आल्याची वडी मोठ्यांना पुष्कळदा कामी येते.

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात त्यानंतरच त्याच्याशी पुन्हा व्यवहार सुरू होतो. लहान मुलासह मुंबईहून जायचे असेल तर मी डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडेन: समुद्र शांत, ऊन सुसह्य. एप्रिल-मे मध्ये समुद्र चालतो, पण डेकवरचे ऊन चालत नाही.

आरक्षणापूर्वी एक स्वस्त चाचणी करता येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत, किंवा गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये, मुलाला घेऊन एक फेरी मारावी; दोन्हीकडे साधारण तासाभराचा प्रवास आहे. क्रूझचे जहाज याहून कितीतरी स्थिर असते, म्हणून ही परीक्षा मुलाच्या पोटापेक्षा तुमची अधिक घेते: मूल कठड्याकडे किती धावते, वाऱ्याला घाबरते का, आणि तासभर त्याला एका जागी रमवताना तुमच्या दोघांपैकी कोण आधी थकतो.

खोली

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते. जहाजावरची खिडकी नसलेली आतली खोली साधारण तेवढीच, कधी त्याहून लहान, आणि त्यातच न्हाणीघर व कपाटही. त्या जागेत मुलाचा खाट-पाळणा मांडला की पलंगापासून दारापर्यंत आडवे चालावे लागते. तरीही आतली खोली नाकारू नये. दिवा मालवला की तिथे भर दुपारी मध्यरात्र होते आणि उजेडाने जागे होणारे मूल गाढ झोपते. प्रश्न आईवडिलांचा असतो, कारण मूल साडेसातला झोपले की त्यांनाही अंधारात बसावे लागते. गॅलरीच्या खोलीचे जादा पैसे मी याच एका कारणासाठी मोजेन: काचेचे दार लावून, पडदा ओढून दोघांना बाहेर बसून हळू आवाजात बोलता येते आणि मूल आत झोपते. समुद्र दिसतो हा वरचा नफा. मात्र गॅलरीच्या दाराची कडी मुलाच्या हाताला येत नाही ना ते पहिल्या पाच मिनिटांत पाहावे, आणि तिथल्या खुर्च्या व तिवई कठड्यापासून दूर, शक्य असेल तर खोलीतच ठेवाव्यात. गॅलरीत मूल एकटे एक क्षणही नको.

खोली कोठे आहे, हे ती केवढी आहे यापेक्षा महत्त्वाचे आहे. सी-सॉच्या मध्यावर बसणाऱ्याला झोका कमी बसतो, तसे जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. तो उघडून आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहावे. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर रात्री अकराला ढोलाचे ठोके गादीतून जाणवतात. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तो मजला उत्तम. लिफ्टपासून चार-पाच दारे दूर, पण फार दूर नाही, अशी जागा ढकलगाडीवाल्यांना बरी पडते. “कोणतीही खोली, कंपनी देईल ती” अशा स्वस्त दराला या वयात भुलू नये.

आजी-आजोबा बरोबर येणार असतील, तर मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या मागाव्यात. आपल्याकडच्या कुटुंबांसाठी हेच सर्वोत्तम पाळणाघर, त्याला ना वयाची अट, ना ताशी शुल्क. फक्त संध्याकाळच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात, कारण आजोबांनाही जादूचा प्रयोग पाहायचा असतो.

आणखी एक गैरसमज दूर करावा. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, त्यामुळे “बाळच तर आहे, आमच्यातच झोपेल” असे म्हणण्याची आपल्याला सवय असते. जहाजावर मात्र सहा महिन्यांचे बाळही पूर्ण एक प्रवासी मोजले जाते, कारण जीवनरक्षक बोटींतल्या जागा माणसांच्या संख्येवर ठरतात. दोघांची क्षमता असलेल्या खोलीत बाळ तिसरे म्हणून चालत नाही, आणि भाडे माफ असले तरी बंदर शुल्क व कर बहुधा लागतातच. दर विचारताना बाळासह, सेवाशुल्कासह, करांसह एकूण रक्कम मागावी. मुलाचा खाट-पाळणाही आरक्षणाच्या वेळीच नोंदवावा लागतो, त्यांची संख्या ठरावीक असते. छताला झोळी टांगून झोपणाऱ्या बाळाला निघण्याआधी दोन आठवडे सपाट गादीची सवय लावावी. न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी फक्त शॉवर असतो. बादली-तांब्याची सवय असलेल्या मुलासाठी फुगवायचा छोटा टब आणि एक मग सामानात टाकावा. डिस्नीच्या बहुतेक खोल्यांत टब असतो, हा त्यांच्या चढ्या दरांमागचा एक समजण्यासारखा मुद्दा.

खाणे

ठरावीक वेळेची पंगत असलेल्या जहाजावर संध्याकाळी सहाच्या सुमाराची पहिली पाळी घ्यावी. साडेआठच्या पाळीत मूल सूप येण्याआधी झोपते किंवा टेबलाखाली जाते. तिथले चार पदरी जेवण दीड तास चालते, म्हणून एखादा दिवस सोडला तर बुफेच बरा. वरण-भात, दही, केळी, उकडलेला बटाटा एवढे बहुतेक जहाजांवर मिळते. भारतीय प्रवासी जास्त असतील तर खिचडी आणि जैन जेवणही मिळते, पण डाळीत मिरची किती हे चाखूनच मुलाला द्यावे. पहिल्याच संध्याकाळी वाढप्याला सांगून ठेवले की दुसऱ्या दिवसापासून बिनतिखटाची वाटी आपोआप समोर येते.

घरचे पदार्थ बहुतेक कंपन्या जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेले बालान्न आणि दुधाची पावडर मात्र चालते. नाचणीसत्त्व न्यायचे तर घरी केलेले डब्यात भरून नव्हे, न फोडलेले पाकीट न्यावे. विजेची किटली, इस्त्री, गरम पाण्याची कॉइल या वस्तू आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजींची चकचकीत स्टीलची किटली अशीच टेबलावर राहिली, आणि त्या “अहो, बाळाच्या बाटलीसाठीच आहे हो” असे तीनदा सांगूनही तिला नाव लिहिलेली चिठ्ठी लागलीच. गरम पाणी बुफेच्या चहाच्या नळातून चोवीस तास मिळते. चांगला थर्मास न्यावा. सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस लावलेले अनारसे किंवा खसखस घातलेला मसाला सामानात ठेवू नये, कारण तिथे खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे.

उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस जहाजावर एकदा शिरला की भराभर पसरतो. त्यावर हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. साबण-पाण्यानेच मुलाचे हात धुवावेत, विशेषतः लिफ्टची बटणे आणि जिन्याचे कठडे चाटून झाल्यावर.

कागद, डॉक्टर, बॅग

परदेशी सफरीला मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागतो. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि परतीनंतर किमान सहा महिने त्याची मुदत शिल्लक असावी. सिंगापूरहून सुटून सिंगापूरलाच परतणारी सफर म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना हे पाहून घ्यावे. जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोहोचण्याचे धाडस करू नये. विमान उशिरा आले तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभर न झोपलेले मूल घेऊन चढण्यापेक्षा एक दिवस हॉटेलात काढलेला परवडतो. देशांतर्गत सफरीला मुलाचे निळे बाल आधार किंवा जन्मदाखला पुरतो का, हे तिकिटाबरोबर आलेल्या सूचनांत तपासावे.

जहाजावर डॉक्टर असतो, पण बालरोगतज्ज्ञ बहुधा नसतो, आणि तपासणीचे पैसे थेट तुमच्या खात्यावर लागतात. घरचा नेहमीचा आरोग्यविमा परदेशी पाण्यात सहसा उपयोगी पडत नाही. प्रवास विमा घेताना त्यात क्रूझ आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत आहे ना, ते वाचावे.

चढल्यावर लगेच खोलीच्या कर्मचाऱ्याकडे लहानग्यांचे जीवनरक्षक जॅकेट मागावे. १५ किलोंखालील मुलांसाठी वेगळे जॅकेट असते, आणि कपाटात ठेवलेली बहुधा मोठ्यांची असतात. सुटण्यापूर्वीच्या सुरक्षा कवायतीला मुलासह जावेच लागते, म्हणून तिची वेळ झोपेच्या वेळेशी आदळणार असेल तर दुपारची झोप आधीच उरकावी.

धक्क्यावर दिलेले मोठे सामान खोलीवर संध्याकाळपर्यंत येते, कधी जेवण झाल्यावरही. तोवर लागेल ते सगळे हातातल्या एका पिशवीत असावे: दिवसभराचे डायपर, दोन कपडे, औषधे, थर्मास, बिस्किटांचा न फोडलेला पुडा, आणि ते एक कुरतडलेले पांघरूण, ज्याच्याशिवाय तुमचे मूल झोपत नाही आणि जे तुम्ही घाईघाईत मोठ्या बॅगेत तळाशी ठेवले असण्याची दाट शक्यता आहे.